पाटी वहिनींची, ओटीपी भाऊंचा

नोव्हेंबर २०२५ मधली गोष्ट. 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या ई-केवायसीची मुदत जवळ आली होती आणि रिठदच्या आसपासच्या गावांत सेवा केंद्रांसमोर बायकांच्या रांगा लागल्या होत्या. सोयाबीन निघालेलं, तूर उभी, हरभऱ्याची पेरणी चाललेली. दिवसाची मजुरी बुडवून, आधार कार्ड पदराला बांधून बायका सकाळपासून बसलेल्या. अशाच एका गावात मी गेले होते. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. केंद्राच्या पाटीवर ठळक अक्षरांत एका बाईचं नाव होतं आणि पुढे 'केंद्र संचालिका'. आत संगणकासमोर खुर्चीत तिचा नवरा. ती स्वतः दारात उभी राहून रांग लावत होती, बायकांचे कागद क्रमानं रचून देत होती, मधेच आत जाऊन चहा टाकत होती. सगळं गाव तिला वहिनी म्हणतं. मीही तेच म्हणते.

"वहिनी, केंद्र तुमचं ना? मग तुम्ही बाहेर कशा?" मी विचारलं.

त्या हसल्या. "केंद्र मायंच हाय ताई. पण मले कॉम्प्युटरचं काय समजते? त्याईलेच जमते थे."

मागाहून कळलं ते असं. वहिनी बारावी झालेल्या. सहा वर्षं बालवाडी चालवलेली. बचत गटाचा हिशोब त्यांच्याकडे, आणि त्यात कधी एका रुपयाचा घोळ नाही. भाऊ दहावी. केंद्राचं काम ते एका नातेवाइकाच्या दुकानात पंधरा-वीस दिवस बसून शिकले. केंद्र घेताना बाईच्या नावानं अर्ज केला तर लवकर काम होईल असं कुणीतरी सांगितलं, म्हणून नाव वहिनींचं. मोबाइल क्रमांक मात्र भाऊंचा दिला. त्यामुळे रोज सकाळी पोर्टल उघडताना येणारा ओटीपी भाऊंच्या खिशात वाजतो. ज्या बँक खात्यात कमिशन जमा होतं, त्याचा एसएमएसही तिथेच.

त्या दिवशी रांगेतल्या एका बाईची पाळी आली. भाऊ सवयीनं म्हणाले, "आता नवऱ्याच्या मोबाइलवर आलेला नंबर सांगा." बाई गप्प. "सांगा ना बाई, मागं रांग आहे." तरी गप्प. वहिनींनी दारातूनच काय ते ओळखलं. तिला हाताला धरून आत स्वयंपाकघरात नेलं. पाच-दहा मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. नवऱ्यानं अकरा वर्षांपूर्वी टाकलेलं, तो पुण्याकडे दुसरा संसार थाटून बसलेला. फारकत नाही, कोर्टाचा कागद नाही. विधवा आणि घटस्फोटित बायकांनी मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी सोय शासनानं पुढे केली होती. पण ही ना विधवा, ना कागदोपत्री घटस्फोटित. आपल्या चळवळीनं ज्या परित्यक्तांचा प्रश्न वर्षानुवर्षं मांडला, त्यांच्यासाठी संगणकाच्या पडद्यावर रकानाच नव्हता.

वहिनींनी बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे तिचा साधा अर्ज लिहून दिला, सही कुठे आणि कुणाची घ्यायची ते समजावलं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अशा अजून चार जणी हायेत ताई गावात. मी वहीत नावं लिहून ठेवते." त्या अर्जाचं पुढे काय झालं, तो लढा वेगळा आहे. मला इथे दुसरंच विचारायचं आहे. त्या दिवशी ते केंद्र कोण चालवत होतं? कळ दाबणारे भाऊ, की ज्या बाईचं काम अडलं होतं तिची अडचण ओळखून वाट काढणाऱ्या वहिनी? आणि असं असताना "मले काय समजते" हे वाक्य वहिनींच्या तोंडी कुणी घातलं?

हे विचारायचा अधिकार मला आधी स्वतःची चूक सांगूनच मिळेल. एम.एस.डब्ल्यू. करून मी या भागात काम करायला आले तेव्हा प्रशिक्षणांचे दिवस होते. २०१८ साली वाशीम जिल्हा देशातल्या आकांक्षित, म्हणजे सरळ सांगायचं तर मागास, जिल्ह्यांच्या यादीत आला आणि कार्यक्रमांचा पाऊस सुरू झाला. मीही बावीस बायकांचा पंधरा दिवसांचा संगणक वर्ग घेतला. मॉनिटर कशाला म्हणतात, माऊस कसा धरायचा, फाईल कशी साठवायची. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं, फोटो, पेढे. वर्षभरानं पाहणी केली तेव्हा त्या बावीस जणींपैकी एकीनंही त्यातून काही कामधंदा उभा केलेला नव्हता. मी अहवालात लिहिलं, 'महिलांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव दिसून येतो.' आज त्या वाक्याची मला लाज वाटते. आत्मविश्वास ज्या बाईकडे नाही ती पावसाळ्यात चिखलातून दोन किलोमीटर चालत, कडेवर पोर घेऊन, संगणक शिकायला येत नाही. अभाव होता तो माझ्या विचारात. यंत्र शिकवलं की उद्योग आपोआप उभा राहतो, असं मी धरून चालले होते.

तंत्रज्ञानाचा उद्योग करायला तंत्रज्ञ असावं लागतं का? शहरातल्या मोठ्या लोकांना हा प्रश्न कुणी विचारत नाही. मुंबईच्या फाल्गुनी नायर यांनी २०१२ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, 'नायका' ही इंटरनेटवरून सौंदर्यप्रसाधनं विकणारी कंपनी काढली. त्या अभियंता नव्हत्या. त्यांचं आयुष्य गुंतवणूक बँकेत गेलेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांच्या कंपनीचे समभाग बाजारात आले आणि देशभर नाव झालं. "बाई, तुम्हाला प्रोग्रॅम लिहिता येतो का?" असं विचारून त्यांना कुणी दारातून परत पाठवलं नाही. प्रोग्रॅम लिहिणारे पगारावर ठेवता येतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे काय होतं? भांडवल होतं, ओळखी होत्या, व्यवहाराची जाण होती, आणि कंपनी त्यांच्या स्वतःच्या नावावर होती. मग तोच न्याय गावातल्या अंगणवाडी सेविकेला, नर्सबाईला, शिवणकाम करणारीला, शेतकरी बाईला का नाही? तिला मात्र आपण आधी 'माऊस कसा धरायचा' यापासून सुरुवात करायला लावतो, आणि भांडवल, ओळखी, नाव या तिन्ही गोष्टींबद्दल बोलतच नाही.

तंत्रज्ञान न शिकलेल्या बायकांना तंत्रज्ञानातलं कळत नाही, हेही खरं नाही. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची माणदेशी महिला बँक आपल्यापैकी अनेकींना माहीत असेल. ती १९९७ साली उभी राहिली. आधी रिझर्व्ह बँकेनं परवाना नाकारला होता, कारण बँक काढू पाहणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हा त्या बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, परत मुंबईला गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय करायला सांगा. चेतना गाला सिन्हा यांनी ही हकीकत अनेक ठिकाणी सांगितली आहे. पण मला त्यांची दुसरी एक हकीकत त्याहून महत्त्वाची वाटते. पुढे बँकेनं सभासद बायकांना कार्ड द्यायचं ठरवलं, त्याला पिन क्रमांक. बायकांनी पिन नको म्हटलं. बँकेच्या लोकांना वाटलं, आकडे लक्षात ठेवायची भीती वाटत असेल, आपण शिकवू. बायका म्हणाल्या, तसं नाही. पिन काय, कुणीही मागून घेईल आणि आमचे पैसे काढून नेईल. आमचा अंगठा कुणाला नेता येणार नाही.

पिन क्रमांक ही सुरक्षिततेची व्यवस्था आहे, असं यंत्र बनवणारे समजत होते. घरात नवरा, सासरा, मुलगा यांच्यापैकी कुणी 'सांग नंबर' म्हटल्यावर बाईला नाही म्हणता येत नाही, हे त्या यंत्राला माहीत नव्हतं. बायकांना माहीत होतं. घराच्या आत सत्ता कशी चालते याचं ज्ञान कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात मिळत नाही, आणि त्या ज्ञानाशिवाय बायकांसाठी केलेलं यंत्र अर्धवटच राहतं. गावातली बाई तंत्रज्ञानाच्या उद्योगात येते तेव्हा ती रिकाम्या हातानं येत नाही, ती हे ज्ञान घेऊन येते. ते तिचं भांडवल आहे.

मग अडतं कुठे? दुसरं उदाहरण मराठवाड्याचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात (आजचा धाराशिव जिल्हा) घरं उभारण्याच्या कामात गावोगावच्या बायका पुढे आल्या. त्यातून प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेचं काम वाढलं. पुढे या बायका चुली आणि सौरदिवे विकू लागल्या. २००६ च्या सुमारास एका बड्या परदेशी तेल कंपनीनं बंगळूरच्या विज्ञान संस्थेच्या मदतीनं 'ऊर्जा' नावाची चूल आणली. आत बॅटरीवर फिरणारा छोटा पंखा, आणि लाकडाऐवजी शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या. धूर जवळजवळ नाही. ज्या बायकांनी आयुष्यभर फुंकणी फुंकली त्यांनीच ती चूल दारोदार नेली, चालवून दाखवली, बिघडली तर समजावून दिलं. चुली लाखांनी खपल्या. विकणाऱ्या बायकांना पंखा आणि बॅटरी कळली नाही म्हणून काही अडलं नाही.

अडलं ते पुढेच. कांड्यांचा कच्चा माल महागला, कांड्या महागल्या. मूळ कंपनीनं काही वर्षांतच अंग काढून घेतलं, काम दुसऱ्या कंपनीकडे गेलं, आणि घरोघरी घेतलेल्या चुली हळूहळू माळ्यावर गेल्या. चूल विकणारी बाई गावातच राहत होती. कंपनी निघून गेली तरी 'ताई, कांड्या कुठं मिळतात?' हा प्रश्न तिच्याच दारात यायचा. कांड्यांचा भाव ठरवणं, कारखाना, पुरवठा यातलं काहीही तिच्या हातात नव्हतं. तिच्या हातात होता तो फक्त शेजारणींचा विश्वास, आणि तोच पणाला लागला. संस्थेनं यातून धडा घेतला असं दिसतं. नंतरच्या काळात एकाच कंपनीच्या एकाच वस्तूवर न थांबता सौरदिवे, वेगवेगळ्या चुली अशा अनेक वस्तू, कर्जाची सोय आणि प्रशिक्षणानंतरची सोबत यांवर भर राहिला. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलाचं काम पाहणाऱ्या विभागाचा पुरस्कारही मिळाला. प्रेमाताई २०२२ साली गेल्या. त्यांच्या कामातून मला जे दिसतं ते एवढंच, की बाईला यंत्र जमतंच. धंद्याच्या ज्या नाड्या दुसऱ्याच्या हातात असतात तिथे ती बुडते.

आता तोच प्रसंग नव्या रूपात आपल्या बांधावर आला आहे. 'नमो ड्रोन दीदी' योजना केंद्रीय मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. देशभरातल्या १५,००० बचत गटांना फवारणीचे ड्रोन, एकूण तरतूद १,२६१ कोटी रुपये. ड्रोन आणि त्याच्या सामानाच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. बाकीच्या रकमेसाठी कर्ज आणि त्याच्या व्याजात ३ टक्के सवलत. पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. भाड्यानं फवारणी करून गटाला वर्षाला किमान एक लाख रुपये जादा मिळावेत, अशी अपेक्षा.

योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. २०१७ साली आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, ते आपण विसरलेलो नाही. पाठीवर पंप घेऊन विषाच्या फवाऱ्यात चालण्यापासून माणसाची सुटका होत असेल तर हवीच आहे. त्या पंपात पाणी आणून ओतणारी, औषध कालवणारी बाईही त्यातून सुटेल. ऑगस्टमध्ये काळ्या रानात पाय रुततो, सोयाबीन मांडीला लागतं, तेव्हा वरून फवारणारं यंत्र उपयोगाचं आहे.

पण हिशोब मांडून बघू या. समजा, एकरी ३०० रुपये भाडं मिळालं. त्यातले निम्मे गाडीभाडं, बॅटरी, मदतनिसाची मजुरी, दुरुस्ती आणि कर्जाचा हप्ता यात गेले. उरले १५०. लाख रुपये शिल्लक पडायला वर्षाला सुमारे ६६७ एकर फवारणी झाली पाहिजे. एका शेतकऱ्याची सरासरी तीन एकर धरली तर सव्वादोनशे फवारण्या. त्याही पावसाळ्याच्या मोजक्या आठवड्यांत, पाऊस आणि वारा सोडून उरलेल्या दिवसांत. सव्वादोनशे फवारण्यांची गिऱ्हाइकं कोण आणणार? ड्रोन शेतापर्यंत कोणत्या गाडीतून जाणार, आणि ती गाडी कोण चालवणार? वीज नसेल तर बॅटऱ्या कशावर भरायच्या? ऐन हंगामात पंखा तुटला तर सुटा भाग किती दिवसांत येणार? उधारी राहिली तर वसूल कोण करणार? ड्रोन उडवायला शिकवणाऱ्या पंधरा दिवसांत या प्रश्नांची उत्तरं मावत नाहीत. आणि उत्तर नसलं की गावात ते ठरलेलंच असतं. गाडी दीराची, गिऱ्हाईक नवऱ्याच्या ओळखीचं, उधारी सासऱ्याच्या शब्दावर. मग ड्रोन दीदीच्या हातात उरतो तो फोटोपुरता रिमोट.

योजनेतच दोन गोष्टी अशा आहेत की त्यांकडे आपण बारकाईनं बघायला हवं. ड्रोन चालवण्याच्या परवान्यासाठी दहावी पास असावं लागतं. गटातल्या ज्या बायकांनी वीस वर्षं बचत करून गट टिकवला, त्यांतल्या बऱ्याच जणी दहावीपर्यंत पोचलेल्याच नाहीत. दुसरं, दुरुस्तीची आवड असलेल्या गटातल्या दुसऱ्या सदस्याला किंवा घरातल्या माणसाला सहायक म्हणून शिकवावं, अशी तरतूद आहे. कागदावर ठीक आहे. पण 'घरातला माणूस' म्हटलं की तो पुरुष असणार, आणि एकदा यंत्राचं पोट उघडायला फक्त त्यालाच येतं म्हटल्यावर यंत्र कुणाचं झालं?

हे आपल्याला नवं नाही. १९९३ नंतर पंचायतीत बायका आल्या तेव्हा सरपंचपती आले. आपल्या राज्यात २०११ साली निम्म्या जागा बायकांच्या झाल्या, तेव्हा निम्म्या गावांत हा प्रश्न उभा राहिला. त्याही आधी, १९९० च्या सुमारास, शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि अनेक शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर केला. सातबाऱ्यावर नाव लागणं ही मोठी गोष्ट होती. पण नाव लागलं म्हणून पिकाचा पैसा तिच्या हातात आला का, हे विचारायला आपण तेव्हाच शिकलो. आज सातबाऱ्याच्या जागी लॉगिन आलं आहे, एवढाच फरक.

यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही प्रामाणिक आहेत.

पहिला आक्षेप घरचा. नवऱ्यानं मदत केली तर बिघडलं काय? काहीच नाही. भाऊ वाईट माणूस नाहीत. ते दिवसभर मान मोडून काम करतात. दोघं मिळून केंद्र चालवत असतील तर आनंदच आहे. पण मग तसं म्हणा. पाटीवर दोन नावं लावा, कमिशनचा हिशोब दोघांनी बघा, आणि चहा दोघांनी करा. मदत करणाऱ्याच्या हाती किल्ल्या आणि मालकिणीच्या हाती चहाची कपबशी, याला मदत म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याच मैत्रिणींचा. प्रत्येक गरीब बाईनं उद्योजक व्हावं, हा आग्रह कशासाठी? सरकार नोकऱ्या देत नाही, अंगणवाडी सेविकेला आणि आशाताईला पगाराऐवजी मानधन देऊन राबवतं, आणि वर सांगतं, कर्ज काढा, उद्योजक व्हा, तोटा आला तर तुमचा. हे म्हणणं मला पटतं. सगळ्यांनी उद्योजक होण्याची गरज नाही, आणि उद्योग हा रास्त वेतनाला पर्याय नाही. पण जिला करायचा आहे, जिच्यात ती धमक आहे, तिला तो तिच्या नावावर, तिच्या ताब्यात करता आला पाहिजे. सेवा केंद्र, ड्रोन, सौरपंपाची दुरुस्ती, बाजारभाव आणि विमा सगळं मोबाइलवर, ही पुढची गावगाड्याची कामं आहेत. त्यात बायका फक्त रांगेत उभ्या राहणाऱ्या असाव्यात, की खुर्चीतही बसलेल्या, हे आज ठरतं आहे. ते ठरून गेल्यावर आपण परिषदा घेऊन उपयोग नाही.

मग करायचं काय? माझ्या चुकांमधून जे उमगलं ते मांडते.

सगळ्यात आधी, धंदा जिच्या नावावर, त्याचा मोबाइल क्रमांक, बँक खातं, लॉगिन आणि पासवर्ड तिचाच असला पाहिजे. अनुदान देणाऱ्या प्रत्येक योजनेनं हे वर्षातून दोनदा तपासावं, आणि तपासायला बाईशी एकटीशी बोलावं. बाईच्या नावावर सवलत घ्यायची आणि ओटीपी पुरुषाच्या खिशात, ही बेनामी मालमत्तेसारखीच गोष्ट आहे.

प्रशिक्षण यंत्रापासून सुरू करू नये, तिच्या कामापासून सुरू करावं. बालवाडी चालवलेल्या बाईला आधी तिच्या हजेरीपटाचाच तक्ता संगणकावर करू द्या. हळदीचा हिशोब ठेवणारीला हळदीचाच हिशोब. वेळ पेरणी-सोंगणी सोडून, जागा गावातच, पोरांना सांभाळायला कुणी तरी, आणि शिकवणारी शक्यतो बाई. प्रशिक्षणात यंत्राला जेवढे दिवस, तेवढेच दिवस भाव ठरवणं, उधारी, विमा आणि करारनामा वाचणं याला द्यावेत.

प्रमाणपत्र दिल्यावर आपण निघून जातो, आणि खरी अडचण तिथून पुढे सुरू होते. निदान एक वर्ष, म्हणजे एक अख्खा खरीप आणि रब्बी, फोन केला की येणारं माणूस हवं. तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्तीची सोय हवी, आणि दुरुस्ती शिकलेल्या मुली हव्यात. आयटीआयमध्ये मुली वीजतंत्री होतात. त्यांना शोधून या कामात आणणं अवघड नाही.

कर्ज फक्त यंत्रापुरतं मिळून भागत नाही. पहिल्या सहा महिन्यांच्या गाडीभाड्याला, उधारीला, पडत्या काळाला खेळतं भांडवल लागतं. एका बँकेत मी एका ताईंबरोबर गेले होते. साहेबांनी सगळे प्रश्न ताईंना सोडून मला विचारले, आणि शेवटचा प्रश्न होता, "यांचे मिस्टर काय करतात?" ताई म्हणाल्या, "कर्ज मले पायजे साहेब, मलेच इचारा." ते कर्ज झालं. पण प्रत्येकीला अशी वेळ यावीच का?

आणि शेवटचं, घरकाम. फवारणी पहाटे वारा पडलेला असताना करावी लागते. चूलही पहाटेच पेटते. ड्रोन शेतात गेला आणि डबा, पाणी, पोरांची शाळा हे सगळं तिच्याकडेच राहिलं, तर दोन हंगामांत ती थकून म्हणेल, तुम्हीच करा. आणि अहवालात पुन्हा कुणीतरी लिहील, 'महिलांमध्ये आत्मविश्वासाचा अभाव.'

वहिनींचं पुढे काय झालं, हे विचाराल. ई-केवायसीची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, रांगा चालूच राहिल्या. त्या गर्दीत भाऊ चार दिवस तापानं पडले. पहिल्या दिवशी वहिनींनी त्यांच्या उशाशी बसून ओटीपी विचारून विचारून केंद्र चालवलं. दुसऱ्या दिवशी रात्री मला फोन केला. "ताई, हा नंबर बदलून मायावाला कसा टाकाव लागते?" मी सांगितलं. अर्ज, आधार, तीन-चार दिवस. भाऊ उठून बसेपर्यंत क्रमांक बदललेला होता. थोडी धुसफुस झाली असं ऐकलं. आता सकाळी वहिनी खुर्चीत असतात, दुपारी भाऊ. रांगेतल्या बायका सकाळीच येतात, हे भाऊंच्याही लक्षात आलं आहे. कमिशनचा एसएमएस वहिनींच्या मोबाइलवर येतो. चहा अजून त्याच करतात. तेवढं राहिलं आहे.

मैत्रिणींनो, आपापल्या गावातल्या सेवा केंद्रात एकदा जाऊन बघा. ड्रोन मिळालेला गट असेल तर त्या ताईंना भेटा. पाटीवर नाव कुणाचं आहे आणि ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो, एवढे दोनच प्रश्न विचारा. काय दिसलं ते पुढच्या अंकासाठी लिहून पाठवा. पाच-पन्नास गावांची अशी नोंद हाती आली, तर ती घेऊन आपल्याला जिल्ह्याच्या कचेरीत जाता येईल.